तावडे काकांचा गुरुवार

तावडे काकांच्या शांततेला शिंका फार यायच्या. दोष त्यांचा नव्हता, त्यांनी निवडलेल्या जागेचा होता. लालबागच्या नाक्यावर, मसाल्याच्या गल्लीच्या तोंडाशी, पुलाच्या एका खांबाला पाठ लावून ते उभे राहायचे. उन्हाळ्यात गल्लीत मिरच्या कांडायला सुरुवात झाली की अख्खा नाका खोकत असायचा. त्या खोकणाऱ्या गर्दीत पांढऱ्या, अर्ध्या बाह्यांच्या, कडक इस्त्रीच्या शर्टातला एक उंच वाळका म्हातारा हातात पत्र्याचा फलक धरून डोळे पुसत उभा दिसायचा. नवख्या माणसाला वाटायचं, जगाच्या दुःखाने हा रडतोय. काका स्वतःच त्याचा गैरसमज दूर करायचे. म्हणायचे, “बेडगी आहे. तुम्हीपण जरा बाजूला व्हा.”

फलकावर दोन ओळी होत्या. वर ‘युद्ध नको’ आणि खाली ‘आपलं नको, त्यांचंही नको’. दर गुरुवारी संध्याकाळी पाच ते सहा, सोळा वर्षं. घोषणा नाही, पत्रकं नाहीत, सह्या नाहीत, मागे कुठला पक्ष नाही. मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी गुरुवार आला, तर पाहुण्यांच्या हातात पेढे देऊन हा माणूस पावणेपाचला जिना उतरला होता. व्याही विचारत राहिले, मुलीचे वडील कुठे गेले. सुलभा काकींनी काहीतरी औषध आणायला गेलेत असं सांगून वेळ मारून नेली.

मागच्या पावसाळ्यात काका गेले. मला आठ दिवसांनी कळलं, कारण चाळ पाडायला घेतल्यावर आम्ही सगळे पांगलो आणि मी बदलापूरला येऊन पडले. काकींचा फोन आला तेव्हा मी खिडकीशी कोथिंबीर निवडत होते. बराच वेळ नुसती जुडी हातात धरून बसले. जायला हवं होतं, गेले नाही, आणि ते मनाला लागून राहिलंय. म्हणून हे लिहितेय.

काका पहिल्या मजल्यावर राहायचे आणि मी दुसऱ्या. मूळचे ते मालवणकडचे. माझगावच्या गोदीत चौतीस वर्षं वेल्डर होते आणि तिथे त्यांनी काय बांधलं, तर युद्धनौका. हे ऐकल्यावर लोक हसायचे, आणि आमची चाळ तर हसायला कारण शोधतच असायची. जन्मभर बोटी बांधल्या आणि म्हातारपणी बोटीच्या नावाने बोंब मारतात, असं तोंडावर म्हणणारे होते. काका तेही ऐकून घ्यायचे आणि म्हणणाऱ्याच्या दाराच्या कडीकडे बघत राहायचे.

हे कडीकडे बघणं म्हणजे त्यांचं व्यसन. लोखंडाचे दोन तुकडे जिथे जोडले असतील तिथे त्यांचा अंगठा गेलाच म्हणून समजा. बसस्टॉपचा बाक, दवाखान्यातला पलंग, लग्नाच्या हॉलमधली खुर्ची, कशावरही बसण्याआधी ते जोडावरून अंगठा फिरवायचे आणि वेल्डरविषयी आपलं मत द्यायचे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला नवीन ग्रिल बसवलं तेव्हा मी कौतुकाने त्यांना दाखवायला बोलावलं. त्यांनी चारही कोपरे चाचपले. मग म्हणाले, “ह्या माणसाने जेवणाची सुट्टी घेतली नव्हती. तीन कोपरे चांगले आहेत, चौथ्याला भुकेने हात हललाय.” तेव्हापासून मला त्या चौथ्या कोपऱ्याकडे बघवेना. ग्रिल तेरा वर्षं टिकलं, ते वेगळं.

काका फलक घेऊन का उभे राहिले, ते ह्या अंगठ्यातूनच कळतं. गोदीत प्रत्येक वेल्डरला नंबर असतो. जोड पुरा झाला की त्याच्या शेजारी लोखंडी ठशाने आपला नंबर ठोकायचा, म्हणजे पुढे कधी जोड गळला तर कोणाला धरायचं ते कळतं. काकांचा नंबर होता एकशे बारा. वरून रंगाचे थर चढतात, नंबर दिसत नाही, पण असतो. ते निवृत्त झाले त्याच वर्षी एका संध्याकाळी टीव्हीवर कसला तरी सराव दाखवत होते. एक युद्धनौका लांबवरच्या रिकाम्या जुन्या बोटीवर मारा करते आणि ती बोट दुभंगून बुडते. चाळीतली माणसं टाळ्या वाजवत होती. काकांनी नौका ओळखली. ती त्यांची होती. तिच्या पुढच्या भागातले जोड त्यांचे होते. काकी सांगायच्या, की हे टाळ्या वाजवता वाजवता मध्येच थांबले आणि म्हणाले, “रिकामी होती म्हणून बरं.” त्या रात्री ताटावर बसून न जेवता उठले. पुढच्या गुरुवारी कुठूनसा पत्रा आणला, स्वतःच रंगवला आणि नाक्यावर जाऊन उभे राहिले.

काकींना वाटलं, रिकामपणाने डोकं फिरलंय, चार दिवसांत उतरेल. दोन महिने वाट बघितली. उतरलं नाही तेव्हा त्या गुरुवारचा शर्ट वेगळा काढून इस्त्री करायला लागल्या. उभं राहायचंच आहे तर नीट दिसा, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी काकींइतकी चांगली नव्हते, हे सांगून टाकते. फोर्टमधल्या एका कचेरीत मी टायपिस्ट होते. घरी येताना साडेपाचच्या सुमारास त्याच नाक्यावर बसमधून उतरायचे. बरोबर कचेरीतल्या दोघी-तिघी असायच्या. काकांनी सगळ्यांसमोर “काय मंदा, आलीस?” म्हणून हाक मारली तर ओळख द्यावी लागेल, म्हणून मी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने जायचे. असं मी जवळजवळ दोन वर्षं केलं. एका गुरुवारी ते मला जिन्यात भेटले आणि अगदी सहज म्हणाले, की पलीकडचा फुटपाथ खणलाय, उद्यापासून जपून जा. मी शरमेने लाल झाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच मला जास्त बोचलं. तेव्हापासून मी अलीकडच्या बाजूने चालायला लागले.

गुरुवारच का, हे मी त्यांना विचारलं होतं. त्यांनी त्यावर पुष्कळ विचार केलेला होता. सोमवारी माणूस कामाला वैतागलेला असतो. मंगळवारी प्रभादेवीला दर्शनाच्या घाईत असतो. शुक्रवारी बाजार, शनिवारी उपास, आणि रविवारी मटण खाल्लेल्या माणसाला शांततेविषयी काही सांगू नये. राहिले बुधवार आणि गुरुवार. त्यात गुरुवारी माणूस आपला आपण जरा बरा असतो, असं त्यांचं मत. मी म्हटलं, बुधवारी का नाही? तर म्हणाले, “बुधवारी बाजारात मासे चांगले येतात. सुलभाला एकटीला नाही जमत.”

पोलिसांचंही एकदा झालं. पहिल्याच वर्षी एक हवालदार आला आणि परवानगी मागायला लागला. मोर्चाला किती माणसं, असं त्याने विचारलं. काका म्हणाले, एक. हवालदार म्हणाला, एका माणसाचा मोर्चा नसतो. मग मोर्चा नाही, असं काका म्हणाले. हवालदार विचारात पडला. साहेबांना फोन लावून त्याने सांगितलं, की एक इसम आहे, पुलाच्या खांबाला टेकून उभा आहे, हातात फलक आहे, पण गर्दी नाही. पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे, तो फोन ठेवून फलक वाचत बसला. मग हळूच म्हणाला, की माझा मुलगा सैन्यभरतीची तयारी करतोय, सकाळी पाचला उठून धावतो. काका म्हणाले, धावू द्या, तब्येत चांगली होईल. दोघांचं तेवढ्यावर जमून गेलं.

आता म्हाडगुतांविषयी सांगायला हवं, कारण तावडे काकांच्या आयुष्यात फलकाहून मोठी गोष्ट कुठली असेल तर ती रामा म्हाडगूत.

दोघं एकाच गावचे, एकाच वर्षी गोदीत लागले, आणि चाळीत दोघांच्या खोल्या शेजारी, मधली भिंत सामाईक. म्हाडगूत फिटर होते. फिटरने लोखंडाच्या प्लेटी सुताला सूत जुळवून द्यायच्या आणि वेल्डरने त्या जोडायच्या. चौतीस वर्षं हे दोघं एकमेकांच्या कामावर काम करत आले. म्हाडगूत बुटके, रुंद, तापट आणि भयंकर नेमके. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं तर दुसऱ्याच्या घरात शिरून सरळ करणारे. काकांच्या गुरुवाराला त्यांचा आधीपासून विरोध होता, पण तो मैत्रीतला. रोज सकाळी गॅलरीत दोघं चहाचे कप घेऊन वाद घालायचे आणि दोघंही हरायचे नाहीत.

मग म्हाडगुतांचा मुलगा संदेश नौदलात लागला. त्याला नेमणूक मिळाली ती ह्या दोघांनी बांधलेल्याच एका नौकेवर. सगळ्या चाळीने पेढे खाल्ले, काकांनी तर दोन खाल्ले. पुढे काही महिन्यांनी सीमेवर वातावरण तापलं. टीव्हीवर दिवसभर नकाशे, बाण आणि ओरडा. संदेशचा फोन लागेना. आणि त्या आठवड्यात गुरुवार यायचा तो आलाच. काका फलक घेऊन निघाले. म्हाडगूत गॅलरीत उभे होते. मी तेव्हा वरून वाळलेले कपडे काढत होते, म्हणून सगळं ऐकलं.

“माझो झील बोटीर आसा,” म्हाडगूत म्हणाले, “आणि तू हयसर उभो रवान सांगतस, युद्ध नको? त्येका खाली बघूक लावतस?”

“तुझो झील बोटीर आसा म्हणानच जातंय,” काका म्हणाले. “रामा, ती बोट मी जोडलंय.”

म्हाडगूत वळले. आत गेले आणि दार लावून घेतलं. चाळीत दिवसाउजेडी दार लावणं म्हणजे काय, ते चाळीत राहिलेल्यालाच कळेल. काका फलक खांद्यावर घेऊन तिथेच थोडा वेळ थांबले आणि मग खाली उतरले. वातावरण निवळलं, संदेश सुखरूप सुट्टीवर येऊन गेला, पण म्हाडगुतांचं बोलणं बंद झालं ते बंदच. सहा वर्षं.

सामाईक भिंतीच्या दोन बाजूंना सहा वर्षं न बोलता राहणं सोपं नसतं. बायकांनी मात्र हा अबोला मानलाच नाही. वाट्या इकडून तिकडे जात राहिल्या. कोळंबीचं तिखलं तावड्यांकडून जायचं, वाटी रिकामी नको म्हणून म्हाडगुतांकडून सोलकढी यायची. म्हाडगूत सकाळी बरोबर सहाला नळावर बादली भरायला जायचे. काकांची बादली आदल्या दिवशीच भरलेली असायची, तरी ती झाडांना ओतून ते त्याच वेळी नळावर जाऊन उभे राहायचे, न जाणो आज बोलला तर. म्हाडगूत बादली भरायचे आणि निघून जायचे. हे मी डोळ्यांनी कितीदा बघितलंय. त्या वेळी मला म्हाडगुतांचा असा राग यायचा की वरून पाणी ओतावं.

एकदा म्हाडगुतांची बायको, आमच्या शालन वहिनी, काकांकडे आल्या. मी काकींबरोबर गहू निवडत बसले होते. वहिनी काकांना म्हणाल्या, की भावजी, एक गुरुवार नका जाऊ. फक्त एक. त्यांना बघू दे तुम्ही गेला नाहीत ते. ते बोलतील, मी सांगते ना. त्यांनाही जड जातंय, सकाळचा चहा घशाखाली उतरत नाही त्यांच्या.

काकांनी आमच्या गव्हातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मला वाटलं, हे आता हो म्हणतील. मनातून मला त्यांनी हो म्हणावं असंच वाटत होतं. एका गुरुवारने जगातली कुठली लढाई थांबणार होती?

“रामाने स्वतः येऊन सांगितलं, तर एक नाही, चार गुरुवार जाणार नाही,” काका म्हणाले. “पण तो सांगणार नाही वहिनी. चौतीस वर्षांत त्याने मला कधी खाडा करायला सांगितलं नाही.”

वहिनी उठून गेल्या. काका माझ्याकडे बघून म्हणाले, की बाकी कोण काय बोलतं त्याचं काही नाही गं, हा बोलत नाही ते लागतं. असं सरळ, डोळ्यांत बघून सांगितलं. त्यांच्या पिढीच्या पुरुषाला हे म्हणायला किती लागलं असेल, ते मला आत्ता कळतं.

मग आमच्या मंडळाने घोळ घातला.

पुन्हा एकदा तसेच दिवस आले होते. पुन्हा नकाशे, पुन्हा बाण. एका दुपारी तर भोंगे वाजवून बघितले आणि शाळेतल्या मुलांना बाकाखाली शिरायला शिकवलं. मंडळाच्या तरुण कार्यकर्त्यांना काहीतरी करावंसं वाटलं. आपल्याकडे काहीतरी करायचं म्हणजे सत्कार. कोणीतरी आठवण काढली, की आपल्याच चाळीत युद्धनौका बांधलेली दोन माणसं आहेत. झालं. सकाळी उठून बघतो तर नाक्यावर, बरोबर काकांच्या खांबाच्या डोक्यावर, वीस फुटी फ्लेक्स. ‘युद्धनौकांचे शिल्पकार, लालबागची शान’, आणि खाली तावडे-म्हाडगूत शेजारी शेजारी. काकांचा दुसरा फोटो कोणाकडे नव्हता, म्हणून पोरांनी गुरुवारचाच वापरला होता आणि वरचा फलक कापून टाकला होता. हातात नुसता दांडा राहिला. तो झेंड्याचा असावा असं दिसत होतं, आणि कोपऱ्यात झेंडा घालून त्यांनी ती उणीवही भरून काढली होती.

त्या गुरुवारी काका आपल्याच फोटोखाली फलक धरून उभे राहिले. येणारेजाणारे वर बघायचे, खाली बघायचे आणि गोंधळायचे. कॉलेजातली एक मुलगी थांबली आणि तिने विचारलं, काका, वर तुम्हीच ना? काका म्हणाले, हो, दोन्हीकडे मीच आहे. ती मुलगी हसली नाही. मला ती आवडली.

मला खात्री होती, की काका सत्काराला जाणार नाहीत. मी तसं म्हटलंही, जरा तावातावानेच, की ह्यांनी तुमची थट्टा मांडलीय. काका आरशासमोर भांग पाडत होते. म्हणाले, “स्टेजवर दोनच खुर्च्या आहेत मंदा. एक माझी, एक रामाची.”

रविवारी सकाळी चाळीच्या पटांगणात मांडव घातला. दोघांना शाली घातल्या, नारळ दिले, मोत्याच्या रंगाचे फेटे बांधले. दोघंही फेट्यात विचित्र दिसत होते. शेजारी बसून एक उजवीकडे बघत होता, एक डावीकडे. काकांनी बसण्याआधी खुर्चीच्या जोडावरून अंगठा फिरवला तेवढा मी बघितला. मग निवेदकाने काकांना दोन शब्द बोलायला सांगितलं. दोन शब्द म्हटल्यावर काय बोलावं ते काकांना कोणी सांगून ठेवलं नव्हतं.

ते म्हणाले, की मी चौतीस वर्षं वेल्डिंग केलं. माझा एक जोड कधी गळला नाही. मला त्याचा अभिमान आहे, खोटं कशाला सांगू. इथवर टाळ्या पडल्या. मग म्हणाले, “जोड पक्का आहे म्हणूनच मला भीती वाटते. बोट कच्ची असती तर लढाईला गेलीच नसती. ती जाणार. जिथे जाईल तिथे माझा नंबर जाणार. पलीकडच्या बोटीतही माझ्यासारख्या कोणीतरी जोड मारलेत. त्याचाही नंबर असेल.”

टाळ्या थांबल्या. मागच्या रांगेत खुर्च्या सरकल्या. कोणीतरी बऱ्यापैकी मोठ्याने म्हणालं, की म्हाताऱ्याला खाली उतरवा, हा कोणाच्या बाजूचा आहे ते बघा. अध्यक्ष माइककडे धावला. काका माइक धरून तसेच उभे होते. मी जागेवरून उठले, आणि उठून काय करणार होते ते मला माहीत नव्हतं. तेवढ्यात म्हाडगूत उठले. त्यांनी काकांच्या हातातून माइक घेतला, त्यांच्याकडे न बघता. आता हे दोन शब्द चांगले सुनावणार, म्हणून मंडळाच्या पोरांचे चेहरे खुलले.

“ह्याचं म्हणणं मला पटत नाही,” म्हाडगूत म्हणाले. “माझा मुलगा आज बोटीवर आहे. मी ह्याच्याशी सहा वर्षं बोललो नाही. आजही बोलत नाहीये, तुमच्याशी बोलतोय. प्लेटी मी जुळवल्या. मी जुळवल्याशिवाय ह्याला वेल्डिंगची काडी लावता येत नव्हती. पण फिटरचा नंबर कोणी ठोकत नाही. वेल्डरचा ठोकतात. म्हणून मला झोप लागते. ह्याला लागत नाही.”

एवढं बोलून माइक अध्यक्षाच्या हातात दिला आणि खाली बसले. टाळी वाजवायची की नाही ते कोणाला कळेना. शेवटी निवेदकाने बटाटेवडे तयार असल्याचं जाहीर केलं आणि सगळे सुटले.

मला वाटलं, आता तरी बोलतील. नाही बोलले. सोमवारी सकाळी सहाला काका नळावर उभे होते आणि म्हाडगूत बादली भरून निघून गेले. मी जिन्यात गाठून काकांना म्हटलं, निदान सगळ्यांसमोर तुमची बाजू तर घेतली. काका म्हणाले, “माझ्याविषयी बोलला. माझ्याशी नाही बोलला.”

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर काकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मंगळवारी परळच्या हॉस्पिटलात ते झालं. डॉक्टरांनी बजावलं, की आठ दिवस धूळ नको, रस्त्यावर जायचं नाही. काकांनी दोनदा विचारून घेतलं, एक तासभरसुद्धा नाही? डॉक्टर नाही म्हणाले.

त्या आठवड्यात माझं सामान बांधून झालं होतं. चाळ रिकामी करायची नोटीस लागली होती, आणि शनिवारी माझा टेम्पो यायचा होता. गुरुवारी दुपारी मी काकांना बघायला खाली गेले. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ते गॅलरीत खुर्चीवर बसले होते. त्यांनी मला तीनदा वेळ विचारली. चौथ्यांदा विचारली तेव्हा पाचला बारा मिनिटं होती. फलक दोन दारांच्या मधल्या भिंतीला टेकून ठेवलेला होता. सोळा वर्षांतला पहिला खाडा. काकी म्हणाल्या, की काही बुडत नाही एका गुरुवारने. काकांनी मान हलवली, पण ते पटल्याची मान नव्हती.

शेजारचं दार उघडलं. म्हाडगूत बाहेर आले. घरात कायम लुंगीवर असणारा माणूस, आज पँट, इन केलेला शर्ट, पायात बूट. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. फलक उचलला, दांडा एकदा हातात तोलला आणि जिना उतरून गेले.

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. शालन वहिनी दारात आल्या होत्या. त्यांना विचारलं, तर त्यांनाही काही माहीत नव्हतं. काका म्हणाले, की मंदा, जा बघू, फेकून तर देणार नाही ना तो. त्यांचा आवाज असा कोरडा मी कधी ऐकला नव्हता.

मी धावतच गेले. फेकला नव्हता. पुलाच्या खांबापाशी म्हाडगूत उभे होते, फलक दोन्ही हातांनी छातीसमोर गच्च धरून, ओळंब्यात धरल्यासारखा सरळ. घामाने शर्ट भिजला होता आणि चेहरा असा, की कोणी जवळ जायला धजावू नये. तरी एक मोटारसायकलवाला थांबलाच. त्याने हेल्मेट काढलं, दोन्ही ओळी वाचल्या आणि विचारलं, काका, त्यांचं नको ते समजलं, पण आपलं का नको?

“माका इचारू नको,” म्हाडगूत म्हणाले. “मी बदली आसंय. कायमचो माणूस पुढल्या गुरुवारी येतलो. त्येका इचार.”

म्हाडगुतांचे वडील गिरणीत होते, अकरा वर्षं बदली. दुसरा आजारी पडला की त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, जाऊन उभं राहायचं, आणि तो परत आला की साचा त्याचा त्याला द्यायचा. त्यात पटण्या-न-पटण्याचा प्रश्न नसायचा, साचा बंद राहू द्यायचा नाही एवढंच. मोटारसायकलवाल्याला यातलं काही कळलं नाही. तो हेल्मेट घालून निघून गेला. मला कळलं, आणि मला भर रस्त्यात रडू आलं. मी सहापर्यंत तिथेच थांबले. म्हाडगुतांनी मला एकदाही ओळख दिली नाही.

मी त्यांच्या पुढे चार पावलं घरी पोचले आणि काकांना सगळं सांगितलं. पट्टी नसलेला डोळा त्यांनी जिन्याच्या तोंडाकडे लावला. म्हाडगूत धापा टाकत वर आले. फलक भिंतीला होता तसा टेकवून ठेवला, मग तो थोडा सरळ केला. उजवं मनगट दाबत ते काकांच्या खुर्चीसमोर उभे राहिले.

“तुझो फलक जड आसा रे,” म्हाडगूत म्हणाले.

“दांडो खांद्यार टेकवूक व्हयो,” काका म्हणाले. “हातान धरूचो नाय.”

“मगे आधी सांगाक काय झाला हुता तुका?”

“तू इचारलंस खंय?”

शालन वहिनी आत चहा टाकायला वळल्या. मीही वर निघाले, माझी भांडी अजून पेटीत भरायची होती. जिन्याच्या वळणावरून मागे बघितलं तेव्हा म्हाडगुतांनी आतून स्टूल आणून काकांसमोर ठेवलं होतं, आणि दोघंही खाली मान घालून, शांतपणे, म्हाडगुतांचं सुजलेलं मनगट तपासत होते.